अस्वस्थता कुणाची, उपचार कुणावर?

१

अमेरिकेतील विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांतून गेल्या काही वर्षांत एका ठरावीक वळणाचे लेखन सातत्याने प्रसिद्ध होत आहे. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळचे अमेरिकन इंडियन अशा अल्पसंख्य समाजांतून महाविद्यालयात आलेल्या तरुणांना परीक्षेची, वर्गाची, किंबहुना शिक्षणाचीच जी धास्ती वाटते ती कमी कशी करावी, हा या लेखनाचा विषय. त्यात सुचविले जाणारे उपाय मुख्यत्वे दोन. पहिला माइंडफुलनेसचा: श्वासावर, शरीरावर, मनात येणाऱ्या-जाणाऱ्या विचारांवर लक्ष ठेवून चित्त स्थिर करण्याचा अभ्यास. दुसरा न्यूरोफीडबॅकचा: डोक्याला तारा लावून मेंदूतील विद्युतलहरी पडद्यावर दाखवायच्या आणि त्या पाहता पाहता त्यांना वळण लावायला शिकवायचे. काही ठिकाणी या दोहोंची सांगडही घातली जाते.

अशा शोधनिबंधांची परीक्षा करणे हे साहित्यसमीक्षेचे काम नव्हे, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. कथा-कादंबरीत जसे माणसाचे एक चित्र असते तसे ते शोधनिबंधातही असते. त्या चित्रातला काळा विद्यार्थी कसा आहे, त्याच्या दुःखाला कोणते नाव दिले आहे आणि चित्राच्या चौकटीबाहेर काय ठेवले आहे, हे पाहणे समीक्षेचेच काम आहे. आणि दलित साहित्याच्या वाचकाने तर हे काम टाळूच नये. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याआधी मिलिंद महाविद्यालयाचे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले आणि तिथल्या काळ्या लेखकांच्या विद्रोहाची ओळख त्यांनी आपल्या लेखकांना करून दिली. हे नाते जुने आहे. शिवाय ज्याला आज माइंडफुलनेस म्हणतात ती मुळात बुद्धाची सम्यक स्मृती होय. आपल्या विहारात रोज उच्चारला जाणारा शब्द तिकडच्या दवाखान्यात जाऊन काय होतो, हे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हे उपाय टाकाऊ नाहीत. परंतु त्यांच्या मांडणीत एक मोठी गफलत आहे. जी अस्वस्थता संस्थेने आणि समाजाने निर्माण केली, तिचा रोगी म्हणून एकट्या विद्यार्थ्याला उभे केले जाते. आणि हे करताना बुद्धाच्या स्मृतीतला जो भाग दुःखाचे कारण शोधायला लावतो, नेमका तोच भाग वगळला जातो.

२

प्रथम या उपायांचे देणे मान्य केले पाहिजे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. झेन आणि विपश्यना या दोन परंपरांतून ते स्वतः शिकले होते. परंतु रुग्णांना धर्माचा वास येऊ नये म्हणून त्यांनी साधनेला वैद्यकाची भाषा दिली. पुढे हा वर्ग जगभर पसरला. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी असा वर्ग केला त्यांना परीक्षेच्या दिवसांत मनस्ताप कमी झाला, असे त्यात दिसून आले. पण ब्रिटनमधीलच आठ हजारांवर शाळकरी मुलांचा प्रयोग २०२२ मध्ये पुढे आला, तेव्हा सरसकट सर्व मुलांना वर्गात बसवून शिकविलेल्या या साधनेचा नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. तात्पर्य, ज्याला हवे आहे आणि जो मनापासून करतो त्याला आधार मिळतो. हुकमाने वाटलेल्या शांतीचा फारसा उपयोग होत नाही.

न्यूरोफीडबॅकचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदविल्या. १९५८ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात जो कामिया यांना असे आढळले की, आपल्या मेंदूत अल्फा लहरी, म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १२ आवर्तनांच्या लहरी, केव्हा आहेत हे माणसाला सरावाने ओळखता येते. पुढे कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना १२ ते १५ आवर्तनांच्या लहरी वाढवायला शिकविले. रॉकेटच्या इंधनातील एका विषारी द्रव्याने येणारे झटके या शिकविलेल्या मांजरांना इतरांपेक्षा उशिरा आले, आणि त्यातून अपस्मारावरच्या उपचाराची वाट निघाली. न्यूरोफीडबॅकचे यंत्र मेंदूत वीज सोडत नाही, ते फक्त वाचते आणि दाखवते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. त्याविषयी भीती पसरविण्याचे कारण नाही.

मात्र त्याच्या गुणाविषयीचा दावा तपासून घ्यावा लागतो. ज्यांचे लक्ष एकाग्र होत नाही अशा मुलांवरील एका मोठ्या अमेरिकन प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना खरा न्यूरोफीडबॅक दिला, काहींना त्याचा नुसता देखावा दाखविला. कुणाला काय दिले हे मुलांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुले सारखीच सुधारली. याचा अर्थ काय लावायचा? मला असे वाटते की, एक माणूस आठवड्यामागून आठवडे आपल्याजवळ बसतो, आपल्याकडे लक्ष देतो, आपण सुधारू अशी अपेक्षा बाळगतो, याचाच गुण पडद्यावरच्या रेषेहून मोठा असावा. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

या यंत्राची आणखी एक हकिकत आहे. मेंदूच्या लहरी नोंदविणाऱ्या चकत्या डोक्याच्या कातडीला नीट चिकटाव्या लागतात. दाट, राठ, कुरळ्या केसांवर त्या चिकटत नाहीत. त्यामुळे अनेक प्रयोगांतून काळी माणसे वगळली गेली. त्यांची नोंद खराब म्हणून टाकून दिली गेली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने केसांच्या पेडांमधल्या भांगात बसतील अशा नव्या चकत्या घडविल्या, त्याचे लेखन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बर्गरपासून तोवर जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती. ज्याच्या मेंदूला शांत करायचे म्हणतात त्याचे डोके यंत्र घडविताना कुणाच्या नजरेसमोर नव्हते. ही तांत्रिक अडचण म्हणून सोडून देता येत नाही. चौकटीबाहेर कोण राहिले, या माझ्या प्रश्नाचे ते पहिले उत्तर आहे.

३

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही धास्ती येते कुठून?

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात काळ्या माणसाच्या दुभंगलेल्या जाणिवेविषयी लिहिले. तो स्वतःकडे नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो, आणि ते डोळे त्याला तुच्छ लेखणारे असतात, असे त्या विवेचनाचे सार आहे. ड्यू बॉईस हे हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय. म्हणजे हे लिहिणारा माणूस त्या वर्गांत बसून आला होता. याच ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांपुढे जाणाऱ्या काळ्यांच्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. एकाच प्रकारची नजर पाठीवर घेऊन शिकलेल्या दोन विद्वानांचा तो पत्रव्यवहार होता.

ड्यू बॉईस यांनी जे शब्दांत सांगितले ते पुढे प्रयोगशाळेत तपासले गेले. क्लॉड स्टील आणि जोशुआ अरॉन्सन यांनी १९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रयोग प्रसिद्ध केले. काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एकच कठीण प्रश्नपत्रिका दिली. काहींना सांगितले, ही तुमच्या बुद्धीची चाचणी आहे. काहींना सांगितले, प्रश्न कसे सोडविले जातात एवढेच आम्ही पाहतो आहोत. पहिल्या प्रकारात काळे विद्यार्थी मागे पडले. दुसऱ्या प्रकारात ते अंतर बरेच आटले. नंतरच्या एका प्रयोगात, २००१ मध्ये, अशा चाचणीला बसलेल्या काळ्या विद्यार्थ्यांचा रक्तदाब चढलेला आढळला. या परिणामाचा आकार किती, यावर मानसशास्त्रज्ञांत पुढे वाद झाले आहेत, आणि काही मोठ्या फेरतपासण्यांत तो सुरुवातीला वाटला त्यापेक्षा लहान दिसला आहे. तो वाद त्यांनी अवश्य चालवावा. पण प्रश्नपत्रिका तीच, विद्यार्थी तेच, बदलले ते फक्त भोवतालचे वाक्य, ही मांडणी विसरण्याजोगी नाही.

असाच प्रयोग आपल्या देशातही झाला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत उच्च जातींच्या ३२१ आणि दलित जातींच्या ३२१ मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्ही गटांतील मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडविली. मग मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. त्याबरोबर दलित मुलांची कामगिरी घसरली. इथे मुलाच्या मेंदूत कोणता दोष होता? क्षणापूर्वी तोच मुलगा बरोबरीने कोडे सोडवीत होता. दोष त्या उच्चारात होता, आणि उच्चारामागे उभ्या असलेल्या गावात होता.

आपल्या आत्मकथनांत हा प्रसंग किती वेळा आला आहे! हजेरीच्या वेळी आडनावापाशी थांबलेला मास्तर, वर्गाची वळलेली मान, आणि पुढे तासभर फळ्यावरचे एक अक्षर न दिसणे. आपल्या लेखकांनी याला परीक्षेची चिंता असे नाव कधी दिले नाही. त्यांनी त्याला जात म्हटले. रोगाचे निदान त्या एका शब्दात होते.

शोधनिबंधांच्या भाषेत मात्र निदान सरकते. तिथे अल्पसंख्य विद्यार्थ्यांमध्ये चिंतेचे प्रमाण अधिक आढळते, असे वाक्य असते. जणू काही चिंता ही त्या समाजात आढळणारी एक वस्तू आहे. त्यापुढे रेझिलियन्स हा शब्द येतो. आघात सोसूनही पुन्हा उभे राहण्याची ताकद, असा त्याचा अर्थ. आघात कोण करतो, तो थांबविता येईल का, हे प्रश्न प्रस्तावनेच्या एका परिच्छेदात आटोपतात आणि उरलेली पाने विद्यार्थ्याची सोसण्याची ताकद मोजण्यात जातात. आपल्या समाजाला सोसण्याच्या ताकदीचे कौतुक नवे नाही. पिढ्यान् पिढ्या गावाने ते केले आहे.

४

निदान सरकले नाही तर काय होऊ शकते, याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. १९७० च्या दशकात बर्कली येथे यूरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाने पाहिले की, पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात काळे विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होतात. प्राध्यापकांना कारण विचारले. उत्तरे ठरलेली: जिद्द नाही, पाया कच्चा, घरी शिक्षणाचे वातावरण नाही. ट्राइसमनने या उत्तरांवर विश्वास न ठेवता महिनोन्महिने विद्यार्थ्यांच्या सोबत राहून ते अभ्यास कसा करतात ते पाहिले. काळी मुले कष्टाळू होती, नेमाने अभ्यास करीत होती, आईबापांनी त्यांच्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. पण ती एकेकटी अभ्यास करीत. चिनी वंशाची मुले मात्र संध्याकाळी एकत्र जमत, एकमेकांची उत्तरे तपासत, प्राध्यापकाच्या लहरीपासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत सर्व गोष्टी बोलत. एखादे गणित कुणालाच आले नाही तर त्यांना कळे की गणितच अवघड आहे. एकट्या खोलीतल्या काळ्या मुलाला वाटे की आपणच कमी आहोत.

ट्राइसमनने त्यांना कच्च्या मुलांचा वर्ग म्हणून वेगळे काढले नाही. हुशारांसाठीचा वर्ग म्हणून बोलावले, नेहमीपेक्षा कठीण गणिते दिली आणि गटाने सोडवायला बसविले. या गटांतील काळ्या विद्यार्थ्यांचे निकाल इतरांच्या बरोबरीला आले, पुष्कळ वेळा पुढे गेले. यात श्वासाचा अभ्यास नव्हता, तारा नव्हत्या. एकटेपण मोडले आणि धास्तीचा मोठा भाग त्याबरोबर गेला. मघाच्या देखाव्याच्या प्रयोगात मुले का सुधारली, याचाही उलगडा इथे होतो, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचे, २०११ सालचे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी तासाभराच्या कार्यक्रमात एवढेच पटवून दिले की, आपण इथले नाही असे सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते आणि काळाने ते ओसरते. पुढच्या तीन वर्षांत काळ्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले, गोऱ्यांशी असलेले अंतर निम्म्याने घटले. हा उपायही मनावरचाच आहे. पण तो तू स्वतःला आवर असे सांगत नाही. तू इथला आहेस असे सांगतो. दोहोंत फार फरक आहे.

आता या विद्यार्थ्यांभोवतीच्या भिंतींकडे पाहा. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. टेक्सस राज्याने सरकारी विद्यापीठांतील समावेशकतेची कार्यालये बंद करणारा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. ऑस्टिनच्या विद्यापीठात अल्पसंख्य विद्यार्थी ज्या केंद्रात जमत ते केंद्र त्या वेळी बंद झाले. याच काळात शांत कसे बसावे, याची शिकवण देणाऱ्या वर्गांना आणि यंत्रांना मात्र कुणाची हरकत नाही. हा योगायोग मानण्याइतके भाबडे राहणे आपल्याला परवडणार नाही. जमण्याची जागा काढून घ्यायची आणि एकट्याने बसण्याचे तंत्र द्यायचे, ही देवघेव आहे, आणि ती विद्यार्थ्याच्या तोट्याची आहे.

५

या ठिकाणी मला राल्फ एलिसन यांची १९५२ सालची कादंबरी आठवते: इनव्हिजिबल मॅन. तिचा निनावी नायक दक्षिणेतल्या काळ्यांच्या महाविद्यालयातून काढून टाकलेला विद्यार्थी आहे. न्यूयॉर्कच्या रंगाच्या कारखान्यात स्फोट होतो आणि तो कारखान्याच्या इस्पितळात एका यंत्रात जागा होतो. त्याला विजेचे झटके दिले जातात. मेंदूवर शस्त्रक्रिया न करताच तिचा परिणाम या यंत्राने साधेल, असे डॉक्टर आपसांत बोलतात. मग ते त्याला पाटीवर लिहून त्याचे नाव विचारतात, आईचे नाव विचारतात. त्याला काहीच आठवत नाही. शेवटी लोककथेतल्या एका सशाचे नाव ते विचारतात, आणि तो आतल्या आत हसतो. तो चतुर ससा त्याला बालपणापासून ठाऊक आहे. तो ससा आपणच, असे त्याला वाटते.

न्यूरोफीडबॅकचे यंत्र एलिसनच्या यंत्रासारखे क्रूर नाही, हे मी वर म्हटलेच आहे. सादृश्य यंत्रात नाही, यंत्राभोवतीच्या बोलण्यात आहे. त्या खोलीत विद्यार्थ्याला महाविद्यालयातून का काढले, कारखान्यात स्फोट का झाला, हे कुणी विचारत नाही. तो शांत झाला की उपचार संपला. आणि एलिसनने दाखविलेली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे: त्या माणसाला पुन्हा माणूसपण येते ते यंत्राने येत नाही, आपल्या लोकांच्या स्मृतीने येते.

हाच मुद्दा मार्टिन ल्यूथर किंग यांनी मानसशास्त्रज्ञांसमोरच मांडला होता. सप्टेंबर १९६७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी सांगितले की, तुमच्या शास्त्रात परिस्थितीशी जुळवून न घेता येणे हा दोष मानला जातो. पण वर्णभेद, दारिद्र्य, युद्ध अशा काही गोष्टींशी माणसाने कधीच जुळवून घेऊ नये. त्याच वर्षी त्यांनी व्हिएतनामी बौद्ध भिक्षू थिक न्हात हान यांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचविले होते. म्हणजे ध्यानाशी किंग यांचे वैर नव्हते. ज्या भिक्षूने बॉम्ब पडत असलेल्या गावांत जाऊन काम केले त्याचे ध्यान त्यांना मान्य होते.

६

आता स्मृतीविषयी. पालीतील सती म्हणजे संस्कृतातील स्मृती. मूळ अर्थ स्मरण. आपण १९२७ साली महाडला एक स्मृती जाळली, कारण ती माणसाला त्याची पायरी विसरू देत नव्हती. बुद्धाची स्मृती याच्या उलट आहे. ती माणसाला जागे ठेवते. तिचे आधुनिक भाषांतर करताना स्मरणाचा अर्थ गळाला आणि केवळ चालू क्षणावरचे लक्ष उरले. ज्याचा भूतकाळ सुखाचा आहे त्याला चालू क्षणात राहा म्हणणे सोपे आहे. ज्याच्या आजोबाला त्याच विद्यापीठाच्या दारातून परत पाठविले, त्याला तो क्षण एवढा कोरा कसा मिळणार?

सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशा चार ठिकाणी स्मृती ठेवायला सांगितली आहे. धम्माच्या भागात चित्ताची पाच आवरणे येतात. त्यांतले एक उद्धच्चकुक्कुच्च, म्हणजे मनाची तगमग आणि हुरहूर. आजची परीक्षेची धास्ती याहून फार निराळी नाही. या आवरणाचे काय करायचे? ते आहे हे जाणायचे. नाही हे जाणायचे. नव्हते ते कसे उत्पन्न झाले हे जाणायचे. उत्पन्न झालेले कसे जाते हे जाणायचे. आणि गेलेले पुन्हा कसे येणार नाही हेही जाणायचे. पाच पायऱ्या आहेत. आजचा माइंडफुलनेस पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतो: विचार आला, पाहिला, त्याच्यावर बरे-वाईट मत न देता जाऊ दिला. तो कसा उत्पन्न झाला आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे, हे विचारणे म्हणजे मत देणे आलेच. याच सुत्तात अज्झत्त आणि बहिद्धा, आत आणि बाहेर, दोन्हीकडे पाहायला सांगितले आहे. अट्ठकथेने बाहेर याचा अर्थ दुसऱ्याच्या ठिकाणी असा केला. तेवढा घेतला तरी पुरे. वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या ठिकाणी हीच हुरहूर आहे हे ज्याने पाहिले, त्याला ती केवळ आपली व्याधी वाटणार नाही.

बाबासाहेबांनी हा धागा नेमका पकडला होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा नाकारली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो घराबाहेर पडला, हे त्यांना पटले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, त्यावरून संघाने घेतलेला युद्धाचा निर्णय आणि त्याला सिद्धार्थाने केलेला विरोध, हे कारण त्यांनी मांडले. दुःखाचे मूळ म्हाताऱ्या शरीरातून काढून त्यांनी ते पाण्याच्या वाटपात आणून ठेवले. महाडच्या तळ्यावर गेलेल्या नेत्यालाच हे सुचणार होते.

आणि विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काय केले? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद झाले. कोलंबियात १९१३ ते १९१६ एकाग्रतेने शिकलेल्या या माणसाला अभ्यासातले चित्ताचे मोल कुणी सांगायला नको होते. तरीही त्यांनी प्रथम छप्पर, जेवण, ग्रंथालय आणि सोबती यांची तजवीज केली. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुले मिलिंदच्या वसतिगृहात एका पंक्तीला बसली, आणि तिथून लिहिती झाली. ट्राइसमनने जे बर्कलीत शोधले ते नागसेनवनात आधीच चालू होते.

७

हा प्रश्न आज आपल्याही दारात आहे. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला, डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेली, दर्शन सोळंकी फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावावर थोरात समितीचा अहवाल २००७ मध्येच आला होता; शिक्षकांचे वागणे, वसतिगृहातले वेगळे पडणे, हे सारे त्यात नोंदलेले आहे. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांनी मुलांसाठी ध्यानवर्ग मागितला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे नियम अमलात आणा, असे मागितले. ज्यांचे सर्वस्व गेले त्या दोन बायांना निदान अचूक कळले होते.

आपल्या चळवळीत इगतपुरीच्या विपश्यनेवरून वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो, डोळे मिटून बसणारा समाज मोर्चात येत नाही. दुसरा म्हणतो, ज्याचे मन थाऱ्यावर नाही त्याचा मोर्चा टिकत नाही. अमेरिकेतील हे लेखन वाचल्यावर मला असे वाटते की, वाद डोळे मिटावेत की उघडावेत हा नाही. तीन शरणांपैकी तिसरे संघाचे आहे. माइंडफुलनेसच्या प्रचारकांनी धम्मातले एक अंग उचलले आणि संघ मागे ठेवला. संघाविना स्मृती म्हणजे बंद खोलीतला एकटा विद्यार्थी आणि त्याच्या पुढ्यातला पडदा.

म्हणून संशोधकांकडे माझी मागणी आहे. विद्यार्थ्याची चिंता मोजता, तर त्याच्याबरोबर त्याचा विभागही मोजा. त्या विभागात त्याच्या समाजाचे शिक्षक किती, तोंडी परीक्षेत गुण कसे पडतात, तक्रारीचा निकाल किती दिवसांत लागतो, पहिल्या दिवशी कुणाचा प्रवेश कोणत्या यादीतून झाला हे कोण विचारते, याची आकडेवारी त्याच निबंधात शेजारी छापा. तारा एका डोक्याला लावायच्या आणि बाकीच्या खोलीची नोंदच ठेवायची नाही, याला अर्धे शास्त्र म्हणावे लागेल.

आणि आपल्या शिक्षकांना सांगायचे ते असे. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याचे हातपाय गार पडतात त्या पोराला श्वासावर लक्ष ठेवायला जरूर शिकवा; ती विद्या बुद्धाची आहे, तिच्यावर त्याचा हक्क पहिला आहे. ती रात्र त्याला त्यामुळे सोपी जाईल. मात्र दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर चार पोरे बसतील, त्याच्या आडनावापाशी थांबणाऱ्या माणसाला जाब विचारला जाईल आणि त्याच्या फीची पावती वेळेवर निघेल, हे पाहण्याचे काम आपले आहे. ते झाल्याशिवाय त्याला एकट्याला डोळे मिटून बसायला सांगू नये.